वेलिकाबाईंचा वर्ग आणि तंबाखूची पानं

वेलिकाबाई नव्यानं मास्तरीण झाल्या आणि पहिला अख्खा सप्टेंबर त्यांनी झोपलेली पोरं बघण्यात काढला. आमच्या डोंगरात ते तंबाखूचे दिवस. पोरं पहाटे पानं खुडून शाळेत यायची आणि बाकावर हाताची घडी घातली की डाराडूर! "मठ्ठ आहेत सगळी," बाईंनी ठरवून टाकलं.

सगळ्यांत गाढ झोपायची ती एल्का. एके दिवशी ती आलीच नाही, म्हणून बाई तिच्या घरी गेल्या. पडवीत स्तानाआजी नातीला घेऊन वाळत घालायच्या माळेत दाभणानं पानं ओवत बसली होती. एल्का आजीची कोडी पटापट सोडवत होती, टक्क जागी!

"आजी, पोरीला शाळेत पाठवा हो."

"आणि पानं काय तू ओवणार, मास्तरीणबाई? तिथं झोपतेच ना? मग इथं जागी बरी."

बाईंनी एल्काच्या चालत्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पानं घेऊनच येऊ द्या तिला."

झालं! एल्काचं बघून सगळीच टोपल्या घेऊन यायला लागली. चिकानं बोटं काळी, पण डोळे उघडे. हात गुंतले की पोरांचे कान जागे राहतात, हे बाईंना तेव्हा कळलं. फक्त धडा रंगला की दाभणं थांबायची.

आठवड्यात आजी तरातरा शाळेत आली, अर्धीच माळ नाचवत. "ही माळ की उंदराचं शेपूट? उद्यापासून पोरगी घरी!"

बाई घाईनं पुढं झाल्या. एल्का गेली तर बाकीच्यांचेही घरचे पोरं काढून नेणार. "बसा तरी, आजी."

"बसतेच. ऐकता ऐकता हात कसे चालवायचे ते दाखवते कार्टीला!" आजीनं एल्काची टोपली ओढली आणि सपासप ओवायला घेतलं.

बाईंनी गावाखालच्या आर्दा नदीचा धडा पुढं चालवला. ती डोंगर सोडून कुठं वळते, सीमेपलीकडं मोठ्या मारित्सा नदीला कशी मिळते. आजीचा जन्म त्याच नदीवर धुणी धुण्यात गेलेला. दाभण मंदावलं. मग थांबलं.

"आणि पुढं?" आजीनं विचारलं.

"पुढं समुद्र."

"अगंबाई! म्हणजे आमच्या ह्यांची वाहून गेलेली टोपी समुद्रात पोचली म्हणायची!"

वर्ग खिदळला. आजीनं टोपली काखोटीला मारली. एल्काही दप्तर घेऊन उठली.

"तू कुठं निघालीस, भवाने? बस खाली. समुद्राचं सगळं ऐकून ये, घरी येऊन मला सांगायचंस. पानांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी एल्का रिकाम्या हातांनी आली. बाईंनी तिला लोकर आणि सुया दिल्या. न जाणो, पुन्हा डोळा लागायचा!