हललेल्या बाभळी

सत्तरच्या दशकात पिंपरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या जॉबवर नापासाचा लाल ठिपका ठेवायचा आणि पगार घ्यायचा. असा माणूस कलेकडे न वळता तरच नवल. कामगार-कल्याणवाल्यांनी कॅन्टीनमध्ये निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं, आणि मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझा फोटो भिंतीवर लागला नाही, तर महिनाभर तुमचे जॉब डोळे मिटून पास करीन."

"राव, तुमचा कॅमेरा फुटो," लेथवरचा एक टर्नर मनापासून म्हणाला.

गुरुवारच्या सुट्टीला रहाटणीच्या नदीकाठी गेलो. लोक श्वास रोखून कॅमेरा धरतात. मी शटर उघडं ठेवून तो बाभळीच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झपकन उचलला. बारा वेळा. झाडाचं झाडपण गळावं आणि त्याची नुसती वर जाण्याची ओढ उरावी, असा माझा थोर विचार होता. पलीकडे म्हशी धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "व्हय वो, हाताला काय झालंय?"

चिंचवड स्टेशनजवळच्या स्टुडिओत रोल दिला. शनिवारी गेलो, तर पाकिटात नुसत्या निगेटिव्ह.

"बाराचे बारा हललेत," स्टुडिओवाला म्हणाला. "हललेला फोटो आमी छापत न्हाई."

"मीच हलवलेत."

"समदे असंच म्हणत्यात."

फोटोमागं त्याच्या दुकानाचा शिक्का बसायचा. असल्या फोटोवर तो दिसला, तर लग्नाची कामं कोण देणार? मी कलेवर व्याख्यान दिलं. त्यानं मला बसायला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं.

शेवटी मी धंद्याची भाषा काढली. माप चुकलेला, पण चालण्यासारखा जॉब आम्ही कारखान्यात 'डेव्हिएशन' लिहून, सही करून पुढं सोडायचो. "तुमचा शिक्का नको," मी म्हणालो. "मागं मी लिहितो: हललेला आहे, चालेल. खाली माझी सही, हुद्द्यासकट."

तो विचारात पडला. "सही इंग्रजीत करनार?"

"इंग्रजीत."

"मग छापतो."

प्रदर्शनाच्या दिवशी माझी बाभळ भिंतीच्या अगदी मधोमध होती. टर्नर मंडळींचे चेहरे पडलेले. मी तरंगतच कल्याण विभागाच्या कारकुनाकडे गेलो आणि या फोटोत निवड समितीला नेमकं काय भावलं, असं अदबीनं विचारलं.

"समोरून कुणाला काही कळलं नाही, साहेब," तो म्हणाला. "मग उलटा करून बघितला. इन्स्पेक्शनची सही आहे म्हटल्यावर आम्ही कोण नाही म्हणणारे?"