ह्यांच्या आवाजाचं कार्ड

घशाच्या ऑपरेशनमध्ये आमच्या ह्यांचा आवाज कायमचा गेला. त्याआधी माझ्या भाचीने त्यांना पेपर वाचायला लावून सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ती हिंजवडीत नोकरीला. कंपनीने भंगारात काढलेला एक सर्व्हर तिने धायरीला आमच्या घरी आणला आणि त्यावर असं काही बसवलं, की ह्यांनी टाइप केलेलं वाक्य ह्यांच्याच आवाजात ऐकू यायचं. मग ती गेली परदेशी आणि सर्व्हर पडला माझ्या गळ्यात.

माझं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं. पण व्हिडिओ बघत बघत शिकले. सर्व्हरवर लिनक्स असतं, आणि त्याच्या पोटात दुसरं, आभासी मशीन चालवता येतं. आवाजाचा प्रोग्रॅम भारी नाजूक, बाहेर काही अपडेट झालं की मोडायचा, म्हणून त्याचं बिऱ्हाड आतल्या मशीनमध्ये वेगळं. पण आवाज झटपट निघायला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते असतं सर्व्हरच्या ताब्यात. तेव्हा लिनक्सला बजावायचं, या कार्डाला तू हात लावायचा नाही, आणि कार्ड थेट आतल्या मशीनच्या हवाली करायचं. ते मला जमलं त्या दिवशी ह्यांनी या नव्या मांडणीवर पहिलं वाक्य टाइप केलं, "आमटीत मीठ कमी होतं." मी हसले, आणि आत जाऊन रडले.

माझे धाकटे दीर गावाकडे राहायचे. रस्त्याकडेची जमीन ह्यांनी त्यांना न विचारता बिल्डरला दिली, तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. ती बुद्धी मीच दिली, अशी दिरांची पक्की समजूत. पुढे साखरेने त्यांची नजर गेली, मग किडन्या. एका दुपारी पुतण्याचा फोन आला, की उद्या ॲडमिट करतोय, अप्पांना काकांशी बोलायचंय, काका मशीनवरून बोलतात ते सांगितलंय त्यांना, थोड्या वेळाने पुन्हा लावतो.

नेमकी त्या सकाळी लाइट गेली होती. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे तेवढे चालतात, सर्व्हर बंद पडला. लाइट आल्यावर तो सुरू झाला, पण आतलं मशीन काही सुरू होईना. कार्ड थेट देण्याची सोयच बंद आहे म्हणे! काल तर चालत होतं. मी सगळीकडे शोधलं. हे सारखे फोनकडे बोट दाखवत होते. शेवटी कार्डाशिवायच मशीन चालू केलं. बोललं, पण एका वाक्याला काही मिनिटं घ्यायला लागलं. चालेल, असं ह्यांनी खुणेने सांगितलं.

फोन आला. "दादा, हाईस का?"

मी म्हटलं, भावजी, जरा थांबा, मशीनला वेळ लागतोय, ते काय लिहितात ते मी वाचून दाखवू का?

"वहिनी, तुम्ही नका मधी पडू. जल्मभर तुमच्याच तोंडून ऐकलं. आता त्याला बोलू द्या."

ह्यांनी टाइप केलं, "चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं." ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी तोंड उघडणार, तर ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. पलीकडे दिरांचा श्वास ऐकू येत होता, नुसता श्वास. मग ते पोराला म्हणाले, "राग हाय अजून त्याचा. ठेव."

फोन कट झाल्यावर खोलीत ह्यांचा आवाज आला, अगदी स्वच्छ. मी लगेच परत लावला. पुतण्या म्हणाला, अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेत, फोन नको म्हणतात.

संध्याकाळी माझं लक्ष सर्व्हरच्या तारखेकडे गेलं. कितीतरी वर्षांपूर्वीची दाखवत होता. म्हणजे लाइट नसताना तारीख आणि सेटिंग जपणारा आतला छोटा सेल संपलेला. लाइट गेल्याबरोबर सर्व्हर करून ठेवलेली सेटिंग विसरला, आणि कार्ड देण्याची परवानगीही त्यातच गेली. घड्याळवाल्याकडून सेल आणला, परवानगी चालू केली, कार्ड जागेवर गेलं. वाक्य टाइप करताच आवाज यायला लागला.

सकाळी फोन केला, तोवर दिरांना कात्रजजवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तोंडावर मास्क होता. पुतण्याने फोन त्यांच्या कानाला लावला, ह्यांनी बटण दाबलं, आणि या वेळी क्षणाचाही उशीर झाला नाही. मी विचारलं, ऐकू गेलं का रे त्यांना?

"काकू, डोळे मिटलेलेच होते. काय सांगू?"

दीर परत घरी आले नाहीत. दहाव्याहून आलो, तेव्हा ह्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मला वाटलं, आता भावाबद्दल काहीतरी बोलतील. मी शेजारी बसले.

"चहा कर," मशीन लगेच म्हणालं.