खिळेवाल्यांच्या गावाची शिरगणती

बर्मिंगहॅमपासून बसने तासाभरावर असलेल्या आमच्या गावात एके काळी घरोघरी लोखंडी खिळे बनत. मागच्या अंगणात शेड, शेडमध्ये भट्टी, आणि हातोडा मारायला घरच्या बायका. यंत्राचे खिळे आले आणि निम्मं गाव पोट भरायला शहरात गेलं. हे मला तोंडपाठ आहे, कारण गावाच्या इतिहासाचं पुस्तक दोन वर्षं मी जुळवत होते.

काम शेजारणीने गळ्यात घातलं. चॅपलमधली जुनी रजिस्टरं तिने आणून दिली, ती मी उतरवून काढली. आताची लोकसंख्या हवी म्हणून छत्री घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक घराला एक पान, असं ठरलं होतं. आमच्या घराचं पान तेवढं मी लिहिलं नाही. आपणच आपलं कौतुक काय लिहायचं, बरं दिसतं का ते? शेजारीण म्हणाली, "तुमचं पान माझ्यावर सोड." मी निर्धास्त झाले. तीस वर्षांची मैत्री. तिचा मोडलेला खुबा ह्यांनीच ऑपरेशन करून बसवला होता, आणि हे गेले तेव्हा आठवडाभर ती माझ्या सोबतीला झोपायला येत होती.

व्हिलेज हॉलमध्ये पुस्तक हातात आलं. मी आधी आमचं पान उघडलं. आमच्या शेडचा मोठा फोटो होता. ती भट्टी मीच घासून काढलेली. खाली खिळेवाल्या कुटुंबाच्या चार पिढ्यांची हकीकत, आणि शेवटी एक ओळ: पुढे हे घर बाहेरच्यांकडे गेलं.

शेजारीण चहा ओतत होती. मी विचारलं, "यात आम्ही कुठे आहोत?"

"पानं कमी पडली, डिअर. मग फक्त व्हिलेज फॅमिलीज ठेवल्या," ती म्हणाली. "आणि तू काय, एक दिवस होमला परत जाशीलच ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांची राख याच गावच्या ओढ्यात सोडली तेव्हा माझा हात धरून उभी होती ती. मी कुठे परत जाणार, हे तिला ठाऊक नव्हतं?

घरी आले तर लंडनजवळच्या पिनरहून मुलीचा फोन. सगळं ऐकून म्हणाली, "पण आई, तू स्वतःचा पेज का नाही लिहिला?"

उरलेल्या प्रतींची खोकी ठेवायला मात्र माझंच घर चाललं होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर गावाची लोकसंख्या आहे. ती मी मोजली होती, आणि मोजताना स्वतःला धरलं होतं. मी खोकं फोडलं, पेन घेतलं, आणि एकेका प्रतीत तो आकडा खोडून एकाने कमी केला.