शनिवारची गोळी

वरणात केस निघाला.

रविवार होता. मेसमध्ये क्लासची साठ-सत्तर पोरं-पोरी जेवायला बसलेली. कुणीतरी ताट पुढं सरकवलं आणि मॅडम आली. मॅडम म्हणजे मेसची मालकीण. तिचा नवरा नांदेडात क्लास चालवतो. पोरं त्याची, मेस हिची. तिनं आम्हा तिघी स्वयंपाकिणींना सगळ्यांसमोर ओळीत उभं केलं. एकेकीच्या डोक्यावरचं फडकं ओढलं. माझ्या वेणीला हात घातला, जोरात हिसका दिला. केसांचा पुंजका तिच्या मुठीत आला.

"शी! शी!" तिनं हात झटकला. पुंजका माझ्या पायाजवळ पडला.

"तोंड सुजलेलं, केस गळतायत. कसला रोग आहे तुला?"

"संधिवात हाय, मॅडम. गोळ्यांनी केस जायलेत."

"वातानं कुणाचे केस जात नाहीत. तुमच्याकडं अंघोळी तरी करतात का?"

तुमच्याकडं. म्हणजे कुणाकडं, ते ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. आमची वस्ती कोणती, ते कामावर घेतानाच तिनं दोनदा विचारलं होतं.

मग तिनं ते ताट माझ्या हातात दिलं.

"तूच खा. तिथं मोरीजवळ बस. म्हणजे कळेल."

आमच्यातली भाजी करणारी शमीमआपा माझ्या कानाशी पुटपुटली, "चुपचाप खा ले, बहन. नौकरी जाती."

मी बसले. केस बोटानं काढून ताटाच्या कडेला लावला आणि खाल्लं. तोंडात फोड आलेले होते, गोळीनंच. वरणातलं तिखट त्यांना झोंबत होतं. समोर कुणीतरी मोबाइल वर धरला होता. एक पोरगी जेवण टाकून उठून गेली. बाकीचे जेवत राहिले. मी सगळं ताट संपवलं. मग मागं जाऊन भडाभडा ओकले.

किळस आली. तिची नाही, माझी. माझ्या केसांची, माझ्या थोबाडाची, माझ्या हातांची. हे सांगायला सगळ्यात जड जातंय, म्हणून आधीच सांगून टाकते.

हे दुखणं तीन वर्षांमागं सुरू झालं. सकाळी उठलं की बोटं उघडायचीच नाहीत. कोमट पाण्यात तासभर धरली की हळूहळू सुटायची. मग मेसमध्ये जाऊन कणकेचा डोंगर मळायचा. मनगटं डबल रोटीसारखी फुगायची. माझं माहेर हदगावकडं. आई म्हणाली, कुणीतरी करणी केली. नवरा म्हणाला, बायांना दुखतच असतं. शेवटी विष्णुपुरीला सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं आणि सांगितलं, शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय. सूज उतरायला रोजची एक गोळी दिली, त्या गोळीनं माझं तोंड भोपळ्यासारखं झालं. दुसरी गोळी आठवड्यातून एकदाच, शनिवारी. ती घेतली की रविवारी पोटात ढवळायचं. आणि रविवारीच मेसमध्ये पुऱ्या तळायच्या असायच्या. तेलाचा वास आला की मी दाताखाली पदर धरून उभी राहायची.

तरी बोटं उघडायला लागली होती. हे खरं आहे. गोळी काम करत होती.

त्या ताटानंतर मी शनिवारची गोळी बंद केली, मग रोजचीही. कुणाला विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंकडं जायचंही सोडलं. दुखलं की मेडिकलवाल्याकडून दुखणं थांबवायची पुडी आणायची, उपाशीपोटी गिळायची आणि लाटायला बसायचं. दोन-तीन महिन्यांत केस गळायचे थांबले. तोंड उतरलं. मॅडमनं एक दिवस माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "आता कशी माणसासारखी दिसतेस."

मी हसले. काय सांगू, मला बरं वाटलं! त्या हसण्याची तर आजही शिसारी येते.

पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट रात्रंदिवस ठणकत होती. एक बोट वाकडं झालं ते झालंच. लाटणं हातातून सुटायला लागलं. मग एका सकाळी संडासला काळंकुट्ट झालं, डांबरासारखं. उठले तर डोळ्यांपुढं अंधारी आली. शमीमआपानंच रिक्षात घातलं आणि विष्णुपुरीला नेलं. पुड्यांनी पोटात जखम झाली होती.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. चिडली.

"शनिवारची गोळी का बंद केली?"

"केस जायलते."

"केसांसाठी? मावशी, केसांसाठी?"

तिला वाटलं, मला नटायची हौस. मग मी ताटाचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. ती पेन खाली ठेवून ऐकत राहिली. मग माझा हात हातात घेतला, वाकडं बोट दाबून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "केस परत येतात, मावशी. हे बोट आता सरळ होणार नाही."

वॉर्डात पडल्या पडल्या मी ते बोट बघत होते. ते रोगानं नेलं असं मला म्हणता येईना. गोळी माझ्या घरात होती, फळीवर. मी ती घेतली नाही. कशासाठी? एका बाईला माझं तोंड बघून ओकारी येऊ नये म्हणून. तिला बरं वाटावं म्हणून मी माझं बोट दिलं. हे कळलं आणि अंगातून काहीतरी सरसरत गेलं. किळसच होती. पण आता ती माझी नव्हती. तिची होती.

गोळ्या परत सुरू केल्या. बरी होऊन मेसवर गेले. मॅडम दारातच भेटली.

"ये. पण ते केस जायचं औषध घेत असशील तर नको. तेवढं बंद ठेव. नवीन ॲडमिशन चाललीत, पालक येतात."

मी हात तिच्या तोंडासमोर धरला.

"ह्ये एक बोट तुम्हाला दिलं, मॅडम. बाकीची न्हाई देणार. आन् तुम्ही मला मोरीजवळ बसवून उष्टं खायला लावलं, त्ये इसरले न्हाई."

"उद्यापासून कामावर यायचं नाही. माज आलाय तुला."

"हाव. आलाय."

आत शमीमआपा भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. तिच्यावर माझा राग नाही; तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी मॅडमची तक्रार द्यायला निघाले. कामगार कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्यातल्या एकाकडं गेले. सगळं सांगितलं. त्यानं खटाखट टाइप केलं आणि कागद पुढं केला. सही करा म्हणाला. मी सातवी शिकलेली आहे. वाचलं. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे काम सोडावे लागले.'

"ह्ये खोडा."

"बाई, असंच लिहितात. साहेबाला बरं वाटतं."

"साहेबाला बरं वाटायसाठी न्हाई लिहायलो आपण. म्या काम सोडलं न्हाई. मला काढलं. गोळी घेते म्हणून काढलं. तसं लिहा."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. सुजलेलंच होतं. मी ते झाकलं नाही. त्यानं नवा कागद घातला.