भोंगा वाजल्यावर कुठं जायचं

भोंगा वाजला आणि माझी सगळी माणसं हातातलं काम टाकून मैदानात रांगेत उभी राहिली. हेल्मेटसकट. मी मोजणी सुरू केली. इतकी शिस्तीची ड्रिल आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यातही कधी झाली नव्हती. मला तर भरूनच आलं.

मी सेफ्टी ऑफिसर. कारखान्यात भोंगा म्हणजे आग नाहीतर गॅस. छताखालून बाहेर पडायचं आणि मोकळ्या जागी जमायचं. त्या जागेला असेम्ब्ली पॉइंट म्हणतात. एका वर्षी दुष्काळात तिथं पाण्यावाचून शिफ्टा बंद पडल्या, म्हणून आमच्या ठेकेदारानं थेट देशाच्या सीमेवरच्या एका गावात शाळेच्या पत्र्याच्या शेडचं काम घेतलं. गेल्या गेल्या मी मैदानात असेम्ब्ली पॉइंटची हिरवी पाटी ठोकली. तीही मराठीत. गावात कुणाला काही विचारावं, हे सेफ्टीचा डिप्लोमा झालेल्या माणसाला कशाला सुचेल!

तिथं भोंगा म्हणजे पलीकडून तोफगोळे येतायत, बंकरमध्ये शिरा.

आम्हाला रोज रोट्या करून घालणारी चाची बंकरमधून धावत बाहेर आली. "पागल हो क्या? अंदर चलो!"

"साहेब, मोजणी व्हायचीय ना अजून?" भिवा वेल्डरनं मला विचारलं. माझाच पट्टशिष्य तो, जागचा हलेना.

चाचीनं त्याला ढकललं, मग मला. एकेकाला बंकरमध्ये लोटताना ती सगळ्यात मागं राहिली. गोळा दाराशीच पडला. आम्ही आत होतो, ती बाहेर.

संध्याकाळी ठेकेदारसाहेबांचा फोन आला.

"आपली माणसं?"

"सगळी सुखरूप आहेत. पण साहेब, चाची गेली."

"कोण चाची? आपल्या मस्टरवर होती का?"

"नाही."

"मग झीरो ॲक्सिडेंट! शाब्बास!"

परत आल्यावर मला खरोखरच ट्रॉफी मिळाली. बायकोनं ती गारखेड्याच्या घरात शोकेसमध्ये ठेवली. मी ती माळ्यावर टाकली. लाज वाटत होती, दुसरं काय.

पुढच्या ट्रेनिंगला नव्या पोरांसमोर मी सवयीनं विचारलं, "भोंगा वाजला तर काय करायचं?"

मागच्या बाकावरून भिवा उठला.

"साहेब, कामाला गेल्या गेल्या आधी तिथल्या मान्साला इचारून ठिवायचं. अन् मंग मोजणी करायची. चाचीला धरून."

डिप्लोमात हे नव्हतं. मी आता पहिल्याच तासाला शिकवतो.