डावा पाय बोटभर आखूड

बादलीतले कपडे अर्धे पिळून झाले होते, अर्धे अजून साबणाच्या पाण्यात होते, तेवढ्यात दार वाजलं. टेपबाईने ओल्या हातानेच कडी काढली. दारात सासू उभी. काखेत कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर ते गोड हसू, जे फुकटात काम करून घ्यायला आलेल्या माणसाच्याच चेहऱ्यावर दिसतं.

मोजायची टेप गळ्यातून कधी उतरायची नाही म्हणून गल्लीने तिचं नाव टेपबाई पाडलं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन, बाजूला लोकांच्या कपड्यांचा ढीग. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, कंबर सैल करायची, यावर तिचं आणि मुलीचं घर चालायचं. नवरा घर सोडून गेला तेव्हा मुलगी दुधाच्या दातांची होती. ते दात पडून नवे आले, तरी बापाचा पत्ता नव्हता. तो हरवला होता असं मात्र कुणी समजू नये. चौकात दिसायचा, लग्नाकार्यात दिसायचा, कडक इस्त्रीच्या शर्टात हसताना दिसायचा. पोरीच्या पोटगीचा विषय निघाला की तेवढा हरवायचा.

न्यायालयाने पोटगी ठरवून दिली होती. ती वसूल करायला सरकारचं वेगळं कार्यालय होतं आणि तिथल्या अधिकारी बाई मनापासून धडपडायच्या, हे टेपबाई कुणापुढेही कबूल करायची. बाईंनी आधी त्याचं बँकेचं खातं गोठवलं. खात्यात खडकू नव्हता. मग गाडी चालवायचा परवाना अडवला. नवरेसाहेब भावाच्या गाडीवर मागे बसून फिरायला लागले.

"आता एकच हत्यार उरलंय," बाई म्हणाल्या होत्या. "पगारातून परस्पर कापून घ्यायचं. मालकाला नाही म्हणता येत नाही. पण मालक कोण, ते तरी कळू दे."

मालक कळेपर्यंत हा नोकरी सोडायचा. विचारलं की हात वर. 'बेकार आहे, आईच्या जिवावर जगतो.' बेकार! बेकार माणसाच्या पायात असले चकचकीत बूट असतात?

आणि वरून शहाण्यांचे सल्ले. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणायचा, "सोडून द्या हो, दगडाला पाझर फुटत नाही." सख्खी बहीण म्हणायची, "देव बघतोय ताई." बघतोय ना! टेपबाई रोज सकाळी हात जोडत होती, तिचा देवावर भरवसा होता. पण बघणं वेगळं आणि वसूल करणं वेगळं. देवाने माणसांना कायदा करायची अक्कल दिली ती काय शोभेला? आपण हातावर हात ठेवून बसायचं आणि देवाने येऊन पोरीचा चष्मा बदलायचा?

कारण प्रश्न त्या चष्म्याचा होता. मुलीचा नंबर वाढला होता, काडी तुटली होती. टेपबाईने ती निळ्या दोऱ्याने घट्ट गुंडाळली, फ्रेमच्या रंगाचाच दोरा शोधून. तरी वर्गात मुलं 'दोरीवाली' म्हणत. पोरगी घरी येऊन सांगायची, "मला असंसुद्धा दिसतं गं आई." फळ्यावरचं मात्र शेजारणीच्या वहीत बघून लिहायची.

"काय चाललंय?" सासूने आत येत विचारलं.

"धुणं. बसा, आई."

"बसायला वेळ कुठंय? एवढी पँट कापून दे. शेजारच्या पोराची आहे. नवी नोकरी लागलीय बिचाऱ्याला, उद्या सकाळी घालायचीय."

"वाटेत चार शिंपी आहेत की."

"जळले ते शिंपी! एकाने पहिली पँट वाया घालवली, दुसऱ्याने दुसरी. पैसे घेतात नि दोन्ही पाय सारखे कापतात मेले!"

टेपबाई पँट उलगडत होती. तिचे हात थांबले. "मग? सारखे नकोत?"

"डावा बोटभर आखूड..." म्हातारी बोलता बोलता अडखळली. "म्हणजे, त्याचाही पाय तसाच आहे."

"त्याचाही? अजून कुणाचा?"

"शेजारच्याचा गं! किती प्रश्न विचारतेस!"

लहानपणी भिंतीवरून पडून मोडलेला नवऱ्याचा पाय, वाकडातिकडा जुळलेला. लग्नानंतरची त्याची प्रत्येक पँट टेपबाईने आपल्या हाताने कापली होती, डावा पाय बोटभर आखूड, म्हणजे चारचौघांत लंगडणं दिसू नये. त्याची लाज झाकायला तिने किती वर्षं शिलाई घातली! आणि आता तो आईला म्हणाला असेल, दे कुठल्यातरी शिंप्याकडे. म्हातारीने तिसऱ्या शिंप्याला पैसे मोजायच्या ऐवजी फुकटचं घर गाठलं. सुनेला टाकलं होतं मुलाने, तिच्या हातची शिलाई थोडीच टाकली होती!

टेपबाईने पँट उलटी केली. कंबरेच्या पट्टीला आतून चिंधी शिवलेली होती, धुलाईत गणवेश हरवू नयेत म्हणून शिवतात तशी. त्यावर ठसठशीत अक्षरांत मालकाचं नाव. शहराबाहेरचं मोठं गोदाम. म्हातारीच्या अधू डोळ्यांना ती अक्षरं दिसणं शक्य नव्हतं.

कात्री हातात होती. गुडघ्यापासून कापून द्यावी, जाऊ दे उद्या अर्ध्या चड्डीत कामावर! मागून म्हातारीची टकळी सुरूच.

"नातीची फार आठवण येते गं."

"शाळेत गेलीय. चष्मा दोऱ्याने बांधून."

"त्याच्याही जिवाला लागतं हो. पण तू कचेरीत जातेस, परवाना अडवतेस. बापाला चोरासारखं वागवायचं म्हणजे..."

"चोर परका तरी असतो, आई," टेपबाई म्हणाली. "तो स्वतःच्या लेकराच्या ताटातलं नेत नाही."

म्हातारी पिशवीचे बंद बोटांनी चाळवत राहिली.

कात्री कापडावर टेकली आणि टेपबाईला एकाएकी उमगलं, की ही नोकरी टिकायला हवी. हा माणूस उद्या ताठ उभा राहायला हवा, कुणी हसू नये, मुकादमाने हाकलू नये. आता त्याचा पगार तिच्या पोरीचा होता. तिला स्वतःचाच संताप आला, की याची पँट नीट शिवायची वेळ पुन्हा तिच्यावरच यावी! दात आवळून तिने मापं टाकली, उजवा पाय पुरता, डावा बोटभर आखूड. दुमड घातली, दुहेरी शिलाई मारली, दोरे तोडले. इतकी सुबक पँट तिने संसारात असतानाही त्याला शिवून दिली नव्हती. चिंधीला हातही लावला नाही.

"शिलाईचे पैसे, आई?"

"अगं, घरच्या माणसाकडून?"

"शेजारच्या पोराची आहे ना?"

म्हातारीने घाईघाईने पँट पिशवीत कोंबली.

"राहू द्या," टेपबाई म्हणाली. "महिन्याच्या महिन्याला येतील."

"काय येतील?"

"काही नाही. सांभाळून जा, पायरी ओली आहे."

उंबऱ्यावर म्हातारी वळली. आवाज उतरला होता. "मी आले होते हे कुणाला सांगू नकोस हं."

खोटं बोलायचं नाही हा टेपबाईचा नेम होता. तिने क्षणभर विचार केला. "तुम्ही आला होतात हे नाही सांगणार."

म्हातारी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. बादलीतले कपडे तसेच भिजत पडले होते. टेपबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली, पायात चपला सरकवल्या, दाराला कुलूप घातलं. कार्यालय जेवणाच्या सुट्टीला बंद व्हायच्या आत अधिकारी बाईंना गोदामाचं नाव सांगायला जायचं होतं.