आम्ही हात वर केला नाही

१२ जानेवारी, रविवार, सकाळी दहा. हजर: निवृत्त मास्तर, हातमागावर विणणारे दादा, लाखांदूरहून एसटीने आलेले शेतकरी भाऊ आणि नोंदवही लिहिणारी मी. जागा: दादांची भंडाऱ्यातली बाहेरची खोली.

मुक्तछंदाला कंटाळून आम्ही चौघे वृत्तांकडे परतलो होतो. नियम एकच. वाचताना वृत्त तुटलं की ऐकणाऱ्याने हात वर करायचा आणि वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं. मागावर बसून दादांचा कान तयार झालेला. ते कोणालाच सोडत नसत. मला एकदा म्हणाले, "ताई, तुमची ओळ लंगडून राहिली. दवाखान्यात न्या तिले."

त्या दिवशी भाऊंनी मंदाक्रांतेत लिहिलेली कविता आणली. त्यांची दहावीतली मुलगी आदल्या पावसाळ्यात गावच्या तलावात बुडाली होती. वर्षश्राद्धाला कविता छापून वाटायची होती.

भाऊंनी कुठे रडगाणं गायलं नव्हतं. तलाव कडव्याकडव्याने वाढत गेला, बांध गेला, धानाची शेतं गेली, शेवटी आभाळ आणि पाणी एवढंच उरलं. 'उदात्त' या शब्दाचा अर्थ मी परीक्षेत लिहिला होता. त्याची भीतीही वाटते, हे त्या खोलीत कळलं.

तिसऱ्या कडव्यात वृत्त तुटलं. मास्तरांनी चष्मा काढला. दादांनी हात मांडीखाली दाबला. मी वहीत पाहत राहिले.

"बरोबर आहे ना सगळं?" भाऊंनी विचारलं.

"छापा," मास्तर म्हणाले.

वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी भाऊ आले ते दारातच उभे राहिले.

"लेकीच्या मैत्रिणी चालीवर म्हणून राहिल्या होत्या. एका जागी आल्या अन् साऱ्या अडखळल्या. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथंच." मग दादांकडे वळून, "तुम्हाले ऐकू आलं होतं ना?"

"आलं होतं."

"मंग हात काहून नाही वर केला? दया आली माह्यावर?"

"आली, भाऊ."

"दया कराले अख्खं गाव आहे मले. इथं मी हातासाठी येत होतो."

पाणीही न घेता गेले. पुन्हा आले नाहीत.

ती ओळ मी दुरुस्त केलेली नाही. ती त्यांची आहे. माझ्या कामांच्या यादीत एवढंच आहे: लाखांदूरला जाणे, भाऊंकडून कविता पहिल्यापासून ऐकणे. दर महिन्याला यादी नवी करते आणि हे काम जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवते.